तिसरा खिळा

जुमागाझीने कॅमेरा खोळीतून बाहेर काढला, तसे घरातले सगळे हातातलं काम सोडून त्याच्याकडे बघायला लागले. बघण्यासारखं खरं तर काही नव्हतं. एकाहत्तर वर्षांचा म्हातारा, डोक्यावर पांढरी, जाड लोकरी नमद्याची टोपी, नाकावर काडीला चिकटपट्टी गुंडाळलेला चष्मा, पुढ्यात उशी, उशीवर धुतलेलं फडकं आणि फडक्यावर त्याचा जुना झेनिट कॅमेरा. तरी सगळे बघत राहिले. झेनिट कपाटावरून खाली उतरला की या घरात काहीतरी घडतं, हे लहानथोरांना अनुभवाने ठाऊक झालं होतं.

आज काय घडणार ते अख्ख्या कोचकोर गावाला माहीत होतं. धाकट्या मुलाची, नुरझातची सैकाल पावलं टाकायला लागली होती. चौदा महिन्यांची पोर, धरून-धरून का होईना, चुलीपासून उंबऱ्यापर्यंत जायची. आता तिच्या पायांना काळ्या-पांढऱ्या लोकरीची दोरी बांधायची, गावातल्या पोरांनी दुरून धावत यायचं, जो पहिला पोचेल त्याने सुरीने दोरी कापायची आणि पोरीचं बोट धरून तिला चालवायचं. झाली पोर जन्माची वाट चालायला मोकळी. सगळा कारभार डोळ्याचं पातं लवेपर्यंत उरकतो. जेवण दोनदा वाढता येतं, गाणी चारदा म्हणता येतात, पण दोरी एकदा कापली की कापली. फोटोवाल्याला दुसरी संधी नाही.

हे जुमागाझीला कोणी सांगायला नको होतं. तालुक्याच्या सांस्कृतिक भवनाचा तो चाळीस वर्षं फोटोग्राफर होता. पंचक्रोशीत क्वचितच असं घर असेल जिथल्या भिंतीवर त्याने काढलेली नवरी नाही. पण स्वतःच्या घरातली भिंत मात्र त्याला रोज टोचायची. बैठकीच्या खोलीत, रजया रचून ठेवल्या होत्या त्यांच्या वर, ओळीने तीन खिळे होते. पहिल्या खिळ्यावर थोरली अनारकान, पायाशी दोरी, डोळ्यांत पाणी. दुसऱ्यावर मधला तालंत, सुरीकडे हात नेताना पकडलेला. तिसऱ्यावर दरसाल नवं कॅलेंडर लागायचं. तो खिळा नुरझातचा.

नुरझातचा फोटो का नाही, याची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. सत्त्याऐंशी सालची. सकाळी शारकानने, म्हणजे जुमागाझीच्या बायकोने, धूळ बसली म्हणून कॅमेरा पुसला. पुसता पुसता मागचं झाकण उघडलं असणार. फिल्मला उजेड लागला. अख्खी फिल्म गेली. बिचारीने मुद्दाम थोडंच केलं! पण गेली ती गेली.

ही गोष्ट खोटी होती आणि ती जुमागाझीने सांगितली होती.

खरं असं झालं होतं की त्या दिवशी पाहुणे आले, तो गडबडला आणि फिल्मची जीभ उजवीकडच्या रिळात नीट अडकलीच नाही. तो बटण दाबत राहिला, फिल्म पुढे सरकवायचा चाप ओढत राहिला आणि फिल्म आपली डबीत गाढ झोपलेली. संध्याकाळी अंधारखोलीत झाकण काढलं तेव्हा त्याला ते दिसलं. बाहेर त्याची आई सगळ्या पाहुण्यांसमोर विचारत होती, माझ्या नातवाचा फोटो कुठाय? जिल्ह्यातला नावाजलेला फोटोग्राफर, आणि फिल्म भरता आली नाही! त्याच्या तोंडून निघून गेलं, "उजेड लागला. कोणीतरी झाकण उघडलं असणार." नाव त्याने कोणाचंच घेतलं नव्हतं. पण सकाळी फडकं कोणाच्या हातात होतं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. शारकानने मान खाली घातली आणि म्हणाली, "माझ्याच हातून झालं असेल." तो तोंड उघडणार होता. उघडलं नाही. त्याची आई पुढे अकरा वर्षं जगली आणि घरात काहीही बिघडलं, दूध नासलं, मेंढी लंगडली, तरी सुनेला म्हणायची, "झाकण उघडलंस का गं?"

लग्नानंतरची सात वर्षं फिल्म धुणं, वाळत घालणं, कापणं, सगळं शारकान करायची. त्या दिवसापासून तिने कॅमेऱ्याला हात लावला नाही. कपाट पुसायची, पण फडकं झेनिटच्या भोवतीने फिरायचं. सदतीस वर्षं कपाटावर धुळीचा एक छोटा चौकोन राहत आला होता आणि तो जुमागाझी स्वतः पुसायचा.

आज सैकालची दोरी कापायच्या आत खरं सांगून टाकायचं, असं त्याने ठरवलं होतं. तसं त्याने नुरझातच्या लग्नातही ठरवलं होतं. आईच्या वर्षाच्या जेवणालाही ठरवलं होतं. ठरवण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं.

"अहो, ते राहू द्या. हे टोक धरा आधी." शारकान समोर येऊन बसली. तिच्या मांडीवर लोकरीचे दोन गुंडे होते, एक पांढरा, एक काळा. ती मूळची बारीक, आता आणखी बारीक झाली होती, पण हाताला अजून पीळ होता.

"मी काम करतोय."

"तेच म्हणते मी, काम करा. धरा."

त्याने टोक धरलं. ती मागे सरकत गेली, पीळ देत गेली, सरकत सरकत थेट दारापर्यंत पोचली.

"अगं, पोरगी केवढीशी! तिला एवढी दोरी? घोडा बांधायचाय का?"

"धरा म्हटलं की धरायचं. मी कधी विचारलं तुम्हाला, एवढी फिल्म कशाला?"

फिल्म हा शब्द तिच्या तोंडून आला की जुमागाझी सांगितलेलं लगेच करायचा. आत्ताही त्याने टोक घट्ट धरलं.

तेवढ्यात तालंत आत आला. तो बिश्केकला बँकेत होता आणि कालच गाडीभर सामान घेऊन पोचला होता. त्यात बायकोचं सामान एक पिशवी आणि कॅमेऱ्याचं सामान तीन पिशव्या. काळी, वीस कप्प्यांची पिशवी उघडून त्याने दोन भिंगं, चार बॅटऱ्या, छत्रीसारखं काहीतरी आणि कॅमेरा बसवायची, उंटासारखे पाय असलेली एक घोडी बाहेर काढली. बॅटऱ्या चार्ज करायला घरातले सगळे प्लग त्याने सकाळीच अडवले होते.

"माझी किटली कोणी काढली रे?" बाहेरून अनारकानचा आवाज आला आणि मागोमाग ती. शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे घरातही सगळे तिला वर्गातच बसलेले दिसायचे. "साठ माणसं येणार. चहाला पाणी नाही. आणि इथे हे काय दुकान मांडलंय?"

"एजे, बॅटरी नसेल तर कॅमेरा चालत नाही," तालंत थोरल्या बहिणीला म्हणाला.

"अताकेंचा चालतो की. त्याला किटली काढावी लागत नाही."

"तेच बोलायचं होतं," तालंत बापाशेजारी उकिडवा बसला आणि आवाजात लोणी आणलं. "अताके, असं करू. दोरी कापतानाचा मुख्य फोटो मी घेतो. एका सेकंदाला वीस निघतात, त्यातला एक तरी जमतोच. तुम्ही नंतर निवांत आपल्या हौसेचे काढा. पाहुणे, कढईतले बोरसोक, मेंढी..."

"मेंढी?" जुमागाझी म्हणाला.

"म्हणजे उदाहरणार्थ."

"त्या दोन भिंतीवरच्या फोटोंना किती सेकंद लागले रे?" अनारकान बापाच्या बाजूने उतरली. भाऊ शहरातून काही नवं घेऊन आला की ती आपोआप जुन्याच्या बाजूला जायची. "हा बघ, तुझाच. सुरीकडे हात नेतोस. विसातला एक नाही, एकातला एक आहे."

"आणि तिसरा?" तालंत म्हणाला. "एजे, फिल्मचा भरवसा नाही, एवढंच म्हणतोय. नुरझातचं काय झालं?"

"ते फिल्ममुळे नाही झालं, ते आपामुळे झालं." अनारकान आईकडे बघून हसली. "यंदा आपाला कॅमेऱ्यापासून दहा हात लांब ठेवायचं. मी स्वतः पहारा देते."

सगळे हसले. शारकानही हसली, तोंड न उघडता, दोरीला पीळ देत. जुमागाझीच्या हातातलं टोक सुटता सुटता राहिलं.

दारात नुरझात उभा होता. बाह्या दुमडलेल्या, हातांना पीठ. तो घरातला धाकटा, म्हणून रिवाजाप्रमाणे आईबापांजवळ राहिलेला. कोचकोर ते बिश्केक गाडी चालवायचा. त्याआधी त्याने कुक्कुटपालन केलं होतं, त्याआधी मॉस्कोत फरश्या बसवल्या होत्या, त्याआधी मधमाश्या पाळल्या होत्या आणि मधमाश्यांनी त्याला पाळायला नकार दिला होता. प्रत्येक वेळी काही आपटलं की भावंडं म्हणायची, अरे तुझ्या दोरीचा पुरावाच नाही, तुझे पाय अजून बांधलेलेच असणार. तोही हसायचा. पण गेल्या हिवाळ्यात गाडी खिंडीत उलटून तो हात मोडून घरी आला, तेव्हा हे वाक्य त्याने स्वतःच उच्चारलं होतं, आणि त्या वेळी कोणी हसलं नव्हतं.

"नुरझात, तू सांग," तालंत म्हणाला. "पोरगी तुझी. फोटो कोणी काढायचा?"

नुरझातने आधी थोरल्या भावाकडे, मग भिंतीकडे पाहिलं. "बाइके, तू काढ, शंभर काढ. पण मला अताकेंचा हवा. त्या दोघांसारखा, काळा-पांढरा. कॅलेंडर काढून तिथे सैकालला लावायचं. माझं राहिलं ते राहिलं. तिचं राहायला नको."

तो परत पीठ मळायला गेला. जुमागाझीने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. काच स्वच्छच होती.

थोड्या वेळाने दोरी संपली, शारकान ती गुंडाळून उठली, अनारकानने दोन प्लग काबीज केले, आणि खोलीत जरा शांतता झाली. जुमागाझीने रबरी फुग्याने भिंगावर वारा मारला. बिश्केकहून आलेली फिल्मची एकुलती एक डबी दातांनी उघडली, जशी तो आयुष्यभर उघडत आला होता. फिल्मची जीभ ओढून रिळाच्या खाचेत घालायला त्याने हात पुढे केला आणि दोन्ही हात थांबले. हे तेच काम. हीच खाच. त्याने जीभ घातली, काढली, परत घातली.

"अताके, चहा." सून बेगायिम आली होती. नुरझातची बायको, तिशीची, तालस बाजूची, हसरी. तिने चहा ठेवला, फडक्यावर पीठ उडालेलं पाहिलं आणि सहज म्हणाली, "द्या ना, मी पुसून देते." कापड उचलून तिने कॅमेऱ्याकडे हात नेला.

"हात लावू नकोस!"

शारकान इतक्या जोरात ओरडलेली या घराने ऐकली नव्हती. बेगायिमचा हात हवेत राहिला. बाहेरून अनारकान धावत आली.

"काय झालं? आपा, काय ओरडतेस तिच्यावर? पाहुण्यांच्या दिवशी?"

"तिला म्हणावं, त्याला हात लावायचा नाही."

"का? तुझ्या हातून बिघडला म्हणून सगळ्यांच्या हातून बिघडेल? तिचं काय चुकलं?" अनारकान आता भावजयीच्या बाजूला होती. सकाळपासून तिने तीन बाजू बदलल्या होत्या आणि प्रत्येक वेळी ती मनापासूनच होती. "रडू नको गं तू. हिची सासू जे हिच्याशी करायची, तेच ही..."

"एजे, राहू दे," बेगायिम म्हणाली, पण डोळे भरलेच.

शारकान पुढे आली आणि तिने सुनेचा हात आपल्या हातात घेतला. आवाज एकदम खाली आणला. "मी तुझ्यावर नाही ओरडले गं. आज तू हे पुसशील. उद्या फिल्म नाही आली, तर सगळे कोणाकडे बघतील? माझ्याकडे नाही, तुझ्याकडे बघतील. मला ते नकोय. बाकी घर तुझं आहे. फक्त ही एक वस्तू सोड."

एवढं बोलून ती पिठाचे बोरसोक तळायला निघून गेली. मागोमाग दोघी गेल्या. जुमागाझी एकटा राहिला. चहावर साय धरली. सदतीस वर्षं तो स्वतःला सांगत आला होता की शारकान विसरली असेल, बायका अशा गोष्टी विसरतात. ती विसरली नव्हती. तिने तर सुनेसाठी कुंपणसुद्धा घालून ठेवलं होतं.

त्याने फिल्म खाचेत बसवली, झाकण लावलं, चाप ओढला. कॅमेऱ्याच्या डावीकडे वरच्या बाजूला एक लहान चकती असते. आत फिल्म सरकली की ती आपोआप फिरते. नाही सरकली तर ढिम्म राहते. चकती फिरली. त्याने परत चाप ओढला. परत फिरली. सत्त्याऐंशी साली या चकतीकडे एकदा जरी बघितलं असतं! पण तो तेव्हा बाळाकडे बघत होता.

दुपारपर्यंत अंगण भरलं. वरच्या शिखरांवर नवं बर्फ पडलेलं, खाली ऊन, कढईतून वाफा, पॉपलरच्या झाडांखाली अंथरलेले नमदे. कोपऱ्यात बायकांनी घोडीच्या दुधाचा, ताकासारखा आंबूस किमिझ घुसळून घुसळून पाहुण्यांना पाजायचा सपाटा लावला होता. रस्त्याच्या टोकाला सतरा-अठरा पोरं रांगेत उभी करून ठेवली होती आणि ती रांग सारखी पुढे सरकत होती. पहिल्या नंबराला कोकरू होतं, म्हणून चुरस भारी. मधोमध गालिच्यावर सैकाल, लाल मखमली जाकीट, टोपीला नजर न लागायला घुबडाचं पीस, पायांत आजीने वळलेल्या दोरीचा इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फास. ती वाकून दोरी खायचा प्रयत्न करत होती. तालंत कॅमेऱ्याच्या घोडीसह एका अंगाला तयार होता. शारकानच्या झग्याच्या खिशात दोरीचा उरलेला लांबलचक तुकडा होता, तो तिने काय म्हणून जपला होता कोण जाणे.

आधी घरातल्या वडीलधाऱ्याने आशीर्वाद द्यायचा, मग शर्यत. जुमागाझी गळ्यात कॅमेरा अडकवून पुढे झाला, दोन्ही तळवे वर केले. साठ माणसांनी तळवे वर केले. सगळे थांबले.

"आशीर्वाद देतो," तो म्हणाला. "पण आधी एक गोष्ट सांगायची आहे."

"अरे जुमागाझी, पोरं तिकडे घामाघूम झालीत!" शेजारचा म्हातारा मुकाश ओरडला. "भाषण जेवताना कर!"

"जेवताना मला धीर होणार नाही. आत्ताच होतोय." त्याने तळवे तसेच धरून ठेवले होते, त्यामुळे बाकीच्यांनाही धरावे लागले. "ही दोरी आपण काळी आणि पांढरी का वळतो? पोराला काळं काय नि पांढरं काय ते कळावं म्हणून. आणि ती कापायच्या आधी आशीर्वाद देणारा मी कोण? माझ्या नुरझातची दोरी कापली, तेव्हा फोटो आला नाही. मी सांगितलं, फिल्मला उजेड लागला, कोणीतरी झाकण उघडलं. तुम्ही सगळे समजलात, शारकानने उघडलं. कोणी उघडलं नव्हतं. मी फिल्म नीट भरली नव्हती. मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. लाज वाटली, म्हणून बोललो नाही. आईसमोर बोललो नाही, मुलांसमोर बोललो नाही. तिला बोलणी खाऊ दिली. सदतीस वर्षं. हे एवढंच."

मुकाशने हळूच तळवे खाली केले.

पहिली अनारकान बोलली. आवाज गणिताचा नव्हता. "अताके, मी तिला किती वेळा चिडवलं. आज सकाळीसुद्धा. तुम्ही तिथेच बसला होतात."

"होतो."

"आणि ऐकत होतात!"

"ऐकत होतो, पोरी."

नुरझात बापाकडे बघत नव्हता, आईकडे बघत होता. "आपा, तू तरी म्हणायचंस ना, मी नाही केलं म्हणून. तुला खरंच वाटत होतं का की झाकण तू उघडलंस?"

"मला कशाला वाटेल?" शारकान म्हणाली. "मला माहीत होतं."

जुमागाझीचे हात आता खाली आले. "काय माहीत होतं?"

"की फिल्म सरकत नाहीये."

"कधीपासून?"

"तुम्ही दुसऱ्यांदा चाप ओढलात तेव्हापासून. डावी चकती फिरत नव्हती. सात वर्षं तुमच्या फिल्मा कोणी धुतल्या होत्या? मला ती चकती दिसत होती, तुम्हाला दिसत नव्हती."

"अगं मग तेव्हाच का नाही बोललीस? थांबवता आलं असतं!"

"सासूबाई माझा दंड धरून उभ्या होत्या. साठ माणसं होती, आजच्यासारखीच. सुनेने नवऱ्याला सगळ्यांदेखत सांगायचं, अहो, तुम्हाला फिल्म भरता येत नाही?" तिने डोक्यावरचा रुमाल उगाच सारखा केला. "आणि तुम्ही इतके खुशीत होतात. वाकून, गुडघ्यांवर रांगून फोटो काढत होतात. मला तुमची ती खुशी मोडवेना. मी म्हटलं, संध्याकाळी स्वतःच सांगतील. मग म्हटलं, उद्या सांगतील."

"आणि मी..."

"तुम्हाला वेळ लागतो. शर्टाचं बटण लावायलासुद्धा लागतो."

कोणीतरी फसकन हसलं. मग मुकाश हसला, मग बायका हसायला लागल्या आणि हसता हसता डोळ्यांना रुमाल लावायला लागल्या. अनारकान आईच्या गळ्यात पडली ती सुटेचना. जुमागाझी मात्र तसाच उभा होता. मार खायला आलेल्या माणसाला कोणी चहा विचारावा, तसं त्याचं झालं होतं. मग त्याने मान वाकवून कॅमेऱ्याचा पट्टा काढला आणि जाऊन शारकानच्या गळ्यात घातला.

"हे काय?"

"आजचे फोटो तू काढायचेस."

"मला विसरायला झालंय."

"चकती विसरली नाहीस."

ती नाही-नाही म्हणाली, पण हात कॅमेऱ्याकडे गेलाच. एक बोट आधी त्याच्या कडेवरून फिरलं, जिथे रंग उडून पितळ दिसत होतं. मग दोन्ही हात. जुमागाझीने घाईघाईत आशीर्वाद उरकला, साठ माणसांनी तोंडावरून हात फिरवून ओमीन म्हटलं, आणि तिकडे पोरांनी वाट न बघताच धूम ठोकली.

पहिली आली ती एकाच पायात बूट असलेली, दोन वेण्यांची पोर. दुसरा बूट वाटेत कुठेतरी राहिला होता. तिने सुरी घेतली, दातांत जीभ धरली आणि दोरी कापली. तालंतचा कॅमेरा कटकटकट करत राहिला. झेनिटचा एकच खटका झाला. सैकालने मोकळ्या पायांकडे पाहिलं, पोरीचं बोट धरलं, चार पावलं टाकली आणि पाचव्याला बुडावर बसली. अंगणभर आरोळी उठली.

"थांबा," शारकान म्हणाली. "कोणी हलू नका. नुरझात, इकडे ये. बूट काढ."

"मी?"

"दुसऱ्या कोणाचा खिळा रिकामा आहे का?" तिने खिशातून तो लांब तुकडा काढला. सकाळपासून घोड्याला पुरेल म्हणून हिणवला गेलेला. "सैकालचा फोटो कॅलेंडरच्या जागी लागणार नाही. तिच्यासाठी चौथा खिळा ठोकू. तिसरा तुझाच आहे."

अडतीस वर्षांचा, नव्वद किलोंचा नुरझात मोजे घालून गालिच्यावर उभा राहिला आणि त्याच्या आईने वाकून त्याच्या पायांना दोरीचा फास घातला. पोरं लोळून लोळून हसत होती. बेगायिम हसत होती. नुरझातही हसायला लागला, पण तोल जायला लागला म्हणून त्याने हात पसरले. वेण्यांची पोर सुरी घेऊन पुढे झाली.

"तू नको गं, सोन्या," शारकान म्हणाली. "याची याचा बाप कापेल. बांधून त्यानेच ठेवली होती."

जुमागाझीने सुरी घेतली. गुडघे टेकायला त्याला वेळ लागला. दोरी जाड होती, पीळ पक्का होता. सकाळी त्याचं दुसरं टोक त्यानेच धरलं होतं. तीन वेळा सुरी चालवावी लागली, मग ती सुटली. नुरझातने हात देऊन बापाला उठवलं. मग बापाने मुलाचं बोट धरलं, लहानपणी धरलं होतं तसं, आणि दोघं गालिच्यावरून चालत निघाले. कोण कोणाला चालवतंय ते नीट कळत नव्हतं.

खटका झाला. शारकानने चाप ओढला आणि कॅमेरा डोळ्यापासून खाली घेऊन डावीकडे बघितलं. मग तिने मान वर करून गर्दीत सुनेला शोधलं.

"बेगायिम, ये इकडे. हा धर."

बेगायिम घाबरून मागे सरकली. "आपा, तुम्हीच म्हणालात..."

"ते सकाळी म्हणाले." तिने पट्टा काढून सुनेच्या गळ्यात घातला आणि तिचं बोट धरून चकतीवर टेकवलं. "चाप ओढलास की ही फिरली पाहिजे. एवढंच बघायचं. आणि नाही फिरली ना, तर तिथल्या तिथे ओरडून सांगायचं. साठ माणसं असू देत नाहीतर सहाशे. मी शेजारी उभी असले तरी सांगायचं."